सौर पंपाचा कंट्रोलर पाच वर्षांनंतरही चालेल का? उत्तर आहे डोळ्यांना न दिसणाऱ्या एका थरात

डिसेंबर 2025 मध्ये महावितरणला गिनीज बुकाचं प्रमाणपत्र मिळालं. कारण होतं एका महिन्यात 45,911 सौर कृषी पंप बसवल्याचं. आकडा मोठा होता, बातमी झाली, फोटो फिरले. पण आता पुढचा प्रश्न येतो. हे पंप किती वर्षं चालतील?

'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याला किमतीच्या 10 टक्के रक्कम भरावी लागते. अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यासाठी हा वाटा 5 टक्के आहे. पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा त्यात धरलेला आहे. सहाव्या वर्षी मात्र खर्च शेतकऱ्याचा.

नाशिक जिल्ह्यातला पेठ तालुका घ्या. अनुसूचित क्षेत्र, बहुसंख्य वस्ती कोकणा, महादेव कोळी, वारली समाजाची. म्हणजे इथल्या बहुतेकांसाठी वाटा 5 टक्के. पावसाळ्यात इथे धो-धो पाऊस पडतो आणि उन्हाळा लागला की त्याच गावांत पाण्यासाठी पायपीट सुरू होते. भात, नागली, वरई निघाली की अनेक कुटुंबं नाशिक-दिंडोरीकडे मजुरीला उतरतात. नदीनाल्याला किंवा विहिरीला पाणी असेल आणि ते उपसायला पंप असेल, तर दुसरं पीक घेता येतं, घर सोडावं लागत नाही. इथे पंप बंद पडणं म्हणजे एका मोसमाचा हिशेब बिघडणं.

या पंपाचे तीन भाग. वर पॅनल, खाली मोटार आणि मध्ये कंट्रोलरचा डबा. पॅनलवर काच असते, ते वीस-पंचवीस वर्षं टिकेल अशा हिशेबाने बनवतात. मोटार जळाली तर गावाजवळचा वाइंडिंगवालाही ती भरून देतो. कंट्रोलरचं तसं नाही. पॅनलमधून येणारा डीसी प्रवाह मोटारीला हवा तसा बदलून देणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड त्या डब्यात असतं. आणि ते कार्ड उभं असतं शेकडो छोट्या सांध्यांवर. त्या सांध्यांना सोल्डर म्हणतात.

सोल्डर चिकटवतं का?

बहुतेकांना वाटतं की सोल्डर हा धातूचा डिंक आहे. वितळवला, लावला, थंड झाला, चिकटला. पण प्रत्यक्षात घडतं ते वेगळंच, आणि मराठी घरांना ते फार जुन्या काळापासून माहीत आहे. कल्हई आठवा.

कल्हईवाला दारात भट्टी लावायचा, भाता चालवायचा, तांब्या-पितळेचं भांडं तापवायचा. नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर निघायचा. मग कथलाची कांडी भांड्याला टेकवून कापसाच्या बोळ्याने झरकन फिरवली की आतून भांडं चांदीसारखं लखलखायचं. कथील वितळतं 232 अंश सेल्सियसला. तांबं वितळायला हजार अंशांच्याही वर जावं लागतं. म्हणजे तांबं वितळत नाही, तरीही कथील त्याला असं धरतं की वर्षभर घासूनही सहज निघत नाही. कसं?

वितळलेलं कथील तांब्याच्या वरच्या थराशी रासायनिक संयोग करतं. तांब्याचे सहा अणू आणि कथलाचे पाच अणू असं ठरलेलं प्रमाण असलेला एक नवाच पदार्थ दोघांच्या सीमेवर तयार होतो. तो ना तांबं, ना कथील. अशा पदार्थाला आंतरधातू म्हणतात. नवसागराचं काम एवढंच की तांब्यावरचा गंज, म्हणजे ऑक्साइड, खाऊन टाकायचा. कारण मध्ये ऑक्साइड असेल तर कथील तांब्यापर्यंत पोचतच नाही.

इलेक्ट्रॉनिक कार्डावर हेच घडतं. सोल्डरमध्ये मुख्यतः कथील असतं, कार्डावर तांब्याचे पॅड असतात आणि नवसागराच्या जागी राळेपासून बनवलेला फ्लक्स असतो. आजच्या शिसं नसलेल्या नेहमीच्या सोल्डरमध्ये 96.5 टक्के कथील, 3 टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबं असतं. ते 217 अंशांच्या आसपास वितळतं. यंत्रात काही सेकंद ते पॅडवर वितळलेलं राहतं आणि तेवढ्यात सीमेवर एक ते तीन मायक्रॉन जाडीचा आंतरधातूचा थर उगवतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो. त्याच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागाएवढा हा थर. सांधा जुळतो तो याच्यामुळे.

मग अडचण कुठे आहे?

हा थर ठिसूळ असतो. सोल्डर मऊ असतं, थोडं वाकतं, ताण सोसतं. तांबंही सोसतं. मधला थर मात्र काचेच्या जातीचा. पातळ असेपर्यंत काही बिघडत नाही. पण कार्ड कारखान्यातून बाहेर पडल्यावरही हा थर वाढतच राहतो. त्यासाठी सोल्डर वितळावं लागत नाही, उष्णता पुरते. थराची जाडी ढोबळपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दुप्पट व्हायला चौपट वेळ लागतो. तापमान जास्त असेल तर वेग वाढतो. पुढे तांब्याच्या बाजूला दुसरा थर तयार होतो. त्यात तांब्याचे तीन अणू आणि कथलाचा एक. त्याच्या आसपास बारीक पोकळ्या पडू शकतात.

आता कंट्रोलर कुठे असतो ते पाहा. पॅनलच्या खांबाला, रानात. दुपारी बाहेर कडक ऊन आणि आत प्रवाहाची उष्णता. रात्री गार. कार्ड, चिप आणि सोल्डर तापल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, त्यामुळे सांधा रोज एकदा ताणला जातो आणि एकदा सैल होतो. वर्षाला 365 वेळा. मऊ सोल्डर थकतं, चीर पडते आणि ती अनेकदा ठिसूळ थराच्या आसपास पुढे सरकते. दुरुस्तीच्या दुकानात याला 'ड्राय सोल्डर' म्हणतात. लक्षण ओळखीचं आहे. सकाळी पंप चालतो, दुपारी बंद पडतो, डब्यावर थाप मारली की पुन्हा चालू.

हे फक्त स्वस्त मालातच होतं असं समजू नये. जुलै 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स 360 या गेमिंग यंत्राची वॉरंटी वाढवून तीन वर्षं केली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. 2021 मध्ये कंपनीच्याच माहितीपटात कारण सांगितलं गेलं. यंत्र पुन्हा पुन्हा तापून गार होताना चिपच्या भागातले सोल्डरचे सांधे तुटत होते.

'फिनिश' म्हणजे काय, आणि सोनं कुठे जातं?

तांब्याचा पॅड उघडा ठेवला तर काही दिवसांत काळपट पडतो आणि मग त्यावर सोल्डर बसत नाही. म्हणून कार्ड बनवणारा कारखाना तांब्यावर एक संरक्षक थर देतो. त्याला सरफेस फिनिश म्हणतात. सांधा कुणाशी जुळणार, हे याच थरावर ठरतं.

सगळ्यात जुना प्रकार म्हणजे कार्ड वितळलेल्या सोल्डरमध्ये बुडवायचं आणि गरम हवेच्या झोताने जादा सोल्डर उडवायचं. ही सरळ सरळ कार्डाची कल्हईच. स्वस्त, टिकाऊ, पुढे सोल्डर हमखास बसतं. तोटा इतकाच की पृष्ठभाग सपाट राहत नाही, त्यामुळे अगदी बारीक चिपसाठी चालत नाही. दुसरा प्रकार म्हणजे मायक्रॉनच्या अंशाएवढा सेंद्रिय लेप. तोही स्वस्त आणि सपाट. सोल्डर करताना तो निघून जातो आणि सांधा थेट तांब्याशी होतो. पण कार्ड महिनोन्महिने गोदामात पडलं किंवा दोन-तीनदा तापलं, तर लेप कमजोर होतो.

तिसरा प्रकार सोनेरी दिसतो. मोबाइल उघडल्यावर आत जे पिवळे ठिपके चमकतात, ते अनेकदा हेच. तांब्यावर तीन ते सहा मायक्रॉन निकेल आणि त्यावर सोन्याचा अतिशय पातळ थर, मायक्रॉनच्या विसाव्या भागाएवढा. पाहणाऱ्याला वाटतं की सांधा सोन्याशी झाला. पण सोनं वितळलेल्या सोल्डरमध्ये एका क्षणात विरघळून जातं. सांधा होतो तो खालच्या निकेलशी. सोन्याचं काम निकेलला गंजू न देण्यापुरतं, म्हणजे नवसागराचं अर्धं काम त्याने आधीच करून ठेवलेलं असतं. जास्त सोनं म्हणजे जास्त चांगला सांधा, हा समजही उलटा आहे. सोल्डरमध्ये सोनं वजनाने तीन टक्क्यांच्या आसपास पोचलं की सोनं-कथलाच्या ठिसूळ पट्ट्या तयार होतात आणि सांधा कडकन तुटतो.

निकेलचा फायदा खरा आहे. त्याच्याबरोबर थर सावकाश वाढतो, म्हणून उष्णतेत असे सांधे जास्त काळ टिकतात. पण सोन्याचा मुलामा देतानाची रसायनं नीट सांभाळली नाहीत, तर सोन्याच्या खालचं निकेलच आतून कुरतडलं जातं. वरून सगळं पिवळंधमक दिसतं, सोल्डरही बसल्यासारखं वाटतं आणि एखाद्या धक्क्याने चिप पॅडवरून उचकटते. खाली पॅड काळा निघतो. या उद्योगात त्याला 'ब्लॅक पॅड' म्हणतात. डोळ्यांनी तपासून तो सापडत नाही.

दमट हवा, गंधक आणि चांदीचा मुलामा

चौथा प्रकार चांदीचा. सपाट, सोन्यापेक्षा स्वस्त. पण चांदीचं काय होतं ते घराघरात ठाऊक आहे. पैंजण काळे पडतात. हवेतला गंधक चांदीला आणि तांब्याला धरतो आणि काळं सल्फाइड बनतं. कार्डावर हे सल्फाइड एका जागी थांबत नाही. दमट हवेत ते पॅडवरून शेजारच्या ट्रॅककडे सरकत जातं आणि शॉर्ट होतो. चीन आणि भारतातून नादुरुस्त मदरबोर्ड जास्त संख्येने परत येत आहेत, हे इंटेल कंपनीच्या लक्षात आलं आणि 2013 मध्ये त्याच्या बातम्या झाल्या. कारण निघालं हवेतलं गंधकाचं प्रदूषण. कार्डाची तपासणी करताना त्याला बंद पेटीत गंधकाच्या पुडीसोबत तापवून पाहण्याची चाचणीही वापरात आहे.

गंधकाची पूड म्हटल्यावर नाशिककरांच्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा येणार नाही, द्राक्षबाग येईल. दिंडोरी-निफाडकडे भुरी रोगासाठी गंधक मारणं ही नेहमीची गोष्ट. पेठमध्ये द्राक्षाचा असा पट्टा नाही, पण दमटपणा भरपूर आहे. जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या तालुक्यांत इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, सुरगाण्याबरोबर पेठचं नाव येतं. चार महिने हवा ओली. बागेतल्या कंट्रोलरला गंधकाचा धोका, घाटावरच्या कंट्रोलरला ओलाव्याचा, आणि राज्यभर डबा मात्र बहुधा एकाच साच्याचा. फ्लक्सचा चिकट अंश कार्डावर राहिला असेल तर तो ओलावा ओढून घेतो आणि दोन पॅडच्या मध्ये धातूचे बारीक केसासारखे धागे वाढू लागतात.

डबा बंद असतो ना, मग ओलावा आत कसा जाणार? केंद्राच्या नियमावलीत कंट्रोलरला आयपी 65 दर्जाचं संरक्षण सांगितलं आहे, म्हणजे धूळ आत जाऊ नये आणि पाण्याचा फवारा बसला तरी चालावं. पण डबा दुपारी तापतो, आतली हवा फुगून थोडी बाहेर जाते. संध्याकाळी सर आली की डबा झटकन गार होतो आणि केबलच्या भोकातून, जुन्या रबरातून ओली हवा आत खेचतो. पाणी शिरलं नाही तरी दव आतच धरतं. म्हणून चांगले उत्पादक कार्डावर वार्निशसारखं पारदर्शक कोटिंग देतात. काही जण तर अख्खं कार्ड रेझिनमध्ये बुडवून टाकतात. ओलाव्यापासून बचाव होतो, पण असं कार्ड बिघडलं की दुरुस्त करायला कुणाला हात घालता येत नाही. दुरुस्त होणारं कार्ड हवं की न बिघडणारं, यावर अभियंतेही एकमताचे नाहीत.

चांदी महागली आणि सोल्डर बदललं

आता बाजाराकडे. 2025 च्या सुरुवातीला चांदी किलोला 90 हजार रुपयांच्या आसपास होती, डिसेंबरात तिने दोन लाखांचा टप्पा ओलांडला. सोनं तोळ्याला लाखाच्या पुढे गेलं. चांदीच्या औद्योगिक मागणीत सौर पॅनलचा वाटा मोठा आहे. म्हणजे पॅनलमुळे महागलेली चांदी त्याच पंपाच्या कंट्रोलरमध्येही लागते.

एका कार्डावर सोल्डर काही ग्रॅमच असतं, मग फरक तो किती? फरक कारखान्यात पडतो. मोठे भाग बसवण्यासाठी वितळलेल्या सोल्डरचं जे कुंड असतं, त्यात शेकडो किलो माल असतो. समजा 400 किलो. तीन टक्क्यांनी त्यात 12 किलो चांदी झाली. दोन लाख रुपये किलोच्या भावाने 24 लाख रुपये नुसते कुंडात अडकले. 0.3 टक्के चांदीचं सोल्डर वापरलं तर तोच आकडा 2 लाख 40 हजारांवर येतो. हिशेब कोणत्याही मालकाला सहज पटेल असा आहे.

कमी चांदीचं सोल्डर वाईट असतं असं नाही. ते जरा मऊ असतं, त्यामुळे हातातून पडणाऱ्या वस्तूंमध्ये उलट जास्त चांगलं टिकतं. पण रोज तापून गार होण्याचा ताण सोसण्यात तीन टक्के चांदीचं सोल्डर सहसा सरस ठरतं. आणि कंट्रोलर हातातून पडत नाही, तो रोज तापतो. चांदी अजिबात नसलेली, पण किंचित निकेल घातलेली मिश्रणंही आहेत. त्यांत ठिसूळ थराची वाढ मंदावते. म्हणजे पर्याय आहे, फक्त तो विचार करून निवडला की भाव पाहून, एवढाच प्रश्न. कंट्रोलरच्या माहितीपत्रकात हॉर्सपॉवर असतं, व्होल्ट असतात, आयपी क्रमांक असतो. सोल्डरचं मिश्रण आणि फिनिश सहसा नसतं.

मार्च 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इलेक्ट्रॉनिक सुटे भाग देशात बनवण्यासाठी 22,919 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. कोरी कार्डं, म्हणजे पीसीबी, त्यात आहेत. फिनिशचा थर चढतो तो याच टप्प्यावर. त्यामुळे कार्ड भारतात बनायला लागली की ब्लॅक पॅड होऊ न देण्याची जबाबदारीही भारतातल्या रसायनाच्या टाक्यांवर येते.

शिशाचं काय झालं?

जुनं सोल्डर कथील आणि शिशाचं होतं. 183 अंशांनाच वितळायचं, मऊ होतं, चुका पोटात घालायचं. शिसं विषारी, म्हणून युरोपने 1 जुलै 2006 पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधून ते हद्दपार केलं. भारतात ई-कचरा नियमांतून ही मर्यादा मे 2014 पासून लागू झाली आणि सध्याच्या 2022 च्या नियमांतही ती वजनाच्या 0.1 टक्के आहे. गंमत म्हणजे युरोपने सौर पॅनलला या बंदीतून वगळलं आहे. पॅनलमधल्या पट्ट्यांवर शिशाचं सोल्डर आजही सर्रास असतं.

दुरुस्तीच्या दुकानांत तर 60-40 ची, म्हणजे 60 टक्के कथील आणि 40 टक्के शिशाची तार कुठेही मिळते आणि बिनशिशाच्या कार्डावर तीच लावली जाते. सांधा होतो, चालतोही. पण वरवर डाग दिला तर जुनं आणि नवं सोल्डर नीट मिसळत नाही आणि चीर तिथूनच परत पडते. चांगला कारागीर आधी जुनं सोल्डर पूर्ण काढतो, पॅड साफ करतो, मग नवं लावतो. आयर्न पॅडवर जास्त वेळ दाबून ठेवलं तर ठिसूळ थर जाड होतो आणि तांब्याचा पॅडच उखडतो. सोल्डरिंगचा धूर मुख्यतः फ्लक्सचा असतो, तोही छातीला वाईटच. शिसं पोटात जातं ते हाताला लागलेल्या तारेतून. त्याच हाताने चहा-वडापाव खाणं ही खरी जोखीम.

शेतकऱ्याने काय करायचं?

फिनिश कोणता हे शेतात उभं राहून कळणार नाही. पण कंट्रोलरवर ऊन थेट पडतंय की पॅनलच्या सावलीत आहे, हे दिसतं. पंप बसवतानाच डबा सावलीच्या बाजूला, जमिनीपासून उंच घ्यायला सांगता येतं. केबल डब्यात खालून जावी, वरून गेली तर पाणी तारेवरून ओघळत आत उतरतं. भोकाची रबरी घट्ट चकती जागेवर आहे का, हे पावसाआधी पाहता येतं. डबा स्वतः उघडू नये, हमी जाऊ शकते आणि आतल्या कपॅसिटरमध्ये पॅनल बंद केल्यावरही काही वेळ जीवघेणा दाब शिल्लक असतो.

दुपारी बंद, सकाळी चालू, थाप मारल्यावर चालू, असं दिसायला लागलं की 'चालतंय ना' म्हणून सोडून देण्यापेक्षा हमीच्या काळातच लेखी तक्रार करून क्रमांक घेतलेला बरा. ड्राय सोल्डर आपोआप बरं होत नाही, आणि त्या विक्रमी महिन्यात बसलेल्या पंपांची पाच वर्षं 2030 च्या अखेरीस संपतात.